मीठ कालवण्याआधी: मरीन टँकसाठी नळाच्या पाण्याची तयारी

माणसाला पिण्यायोग्य असलेलं पाणी मरीन टँकमधल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मासेटाकीतल्या, कोरलला (प्रवाळाला) चालेलच असं नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोत नसेल तर तांबंही १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध देतात ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्यानंच कोळंबी, गोगलगाई, कोरल मरतात.

म्हणून आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात लिटरला किती मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेत ते दाखवणारं यंत्र, घ्या आणि नळाचा आकडा वहीत लिहा. पावसाळ्यात किंवा टँकर आला की पुन्हा मोजा. मीटर किती विरघळलंय एवढंच सांगतो, काय विरघळलंय ते नाही. साठ टीडीएसच्या पाण्यातही काचेवर तपकिरी थर आणणारं सिलिकेट असू शकतं.

स्वयंपाकघरातला आरओ जसाच्या तसा वापरू नका. त्यातला टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी परत मिसळतो आणि मिनरल कार्ट्रिज क्षार घालतं. पाणी मेम्ब्रेननंतर (क्षार अडवणाऱ्या आरओच्या पडद्यानंतर) लगेच, या दोन्हींच्या आधी काढा. क्रम असा लावा: पाच मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, मेम्ब्रेन, शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे बारीक मणी). कार्बन वेळेवर बदलला नाही तर क्लोरीन मेम्ब्रेन खातं. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर कार्बन ते फोडतो, पण अमोनिया उरतो. तो पकडायला रेझिन लागतंच. क्लोरीन घालवणाऱ्या थायोसल्फेटचे थेंब टाकूनही हा अमोनिया जात नाही.

गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर खाली आलेल्या पाण्याला जेमतेम चौदा पीएसआय दाब असतो आणि मेम्ब्रेनला पन्नास-साठ हवा, तेव्हा बूस्टर पंप लावाच. दर वेळी सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं मेम्ब्रेनमधून आलेलं पाणी रेझिनकडे न नेता सोडून द्या. यंत्र बंद असताना क्षार पलीकडे झिरपलेले असतात. नळाचा टीडीएस ३०० असेल तर मेम्ब्रेननंतर तो पंधरा-वीसवर यावा, रेझिननंतर शून्यावर. शून्याचा एक झाला की रेझिन बदला, उद्यावर टाकू नका. दमलेलं रेझिन आधी सिलिकेटच सोडतं, आणि मीटरवर ते नीट दिसतही नाही.

साठवायला झाकणाचा फूड-ग्रेड ड्रम घ्या. पितळी तोटी नको. शुद्ध पाणी पितळेतलं तांबं ओढून घेतं. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियमचा साका बसतो. पंप फिरता ठेवून २५ अंशांना घनता १.०२५ आली की पाणी टाकीत जायला तयार.

टॉप-अपलाही हेच पाणी वापरा. उडून जातं ते निव्वळ पाणी, बाकी सगळं टाकीतच राहतं. रोज तीन लिटर उडत असेल आणि भर १५० टीडीएसच्या नळाच्या पाण्याची घातली, तर महिन्याला साडेतेरा ग्रॅम नको असलेला ऐवज आत साठतो.