गावातले दोन गट मिळून सत्ता चालवणार असतील तर या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात गेल्या निवडणुकीत नऊपैकी चार जागा एका गटाला मिळाल्या, चार दुसऱ्याला, आणि नववी पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, बाईंना. बरीच रस्सीखेच झाल्यावर एका ओसरीत बैठक बसली. उपसरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं ठरलं. शाळेच्या वहीचं पान फाडून त्यावर सह्या झाल्या. मी तिथंच बसलो होतो. पानावर दोन नावं आणि एक तारीख, एवढंच.

अडीच वर्षं सरली, राजीनामा आला नाही. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "काका, त्या कागदाले काय किंमत आहे जी?" पुढं मे महिन्यात नळयोजनेची मोटार जळाली, तरी दुरुस्तीच्या ठरावावर सभा तहकूब होत राहिली. बाया दीड किलोमीटरवरच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या.

पदं वाटली, पण अडल्यावर काय करायचं ते ठरवलंच नाही

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. उत्तर आयर्लंडमध्ये 1998 च्या करारानं भांडणाऱ्या दोन्ही समाजांना, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, सरकारात बसवलं. तिथं प्रथम मंत्री एका बाजूचा, उपप्रथम मंत्री दुसऱ्या बाजूचा; दोघांचे अधिकार सारखेच, आणि एकानं राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. जानेवारी 2017 मध्ये उपप्रथम मंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि सरकार पुन्हा उभं राहायला जानेवारी 2020 उजाडलं. 2022 मध्ये दुसऱ्या बाजूनं तेच केलं, तेव्हा आणखी दोन वर्षं गेली. तरीही त्या करारानं हिंसेला मोठा आळा घातला, म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण अडवणुकीचा हक्क दोघांनाही दिला की तो कधी ना कधी वापरला जातोच.

गावात उपाय सोपा आहे. पाणी, दिवाबत्ती आणि शाळा यांचे ठराव अडवायचे नाहीत, असं आधीच लिहून घ्या. बाकीचं काही अडलं तर किती दिवसांत ग्रामसभा बोलवायची तेही लिहा. आणि तो कागद ओसरीत ठेवू नका. ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. त्यानं कोणावर कायद्याची सक्ती होणार नाही, पण अख्खं गाव साक्षीदार होतं.

दोन्ही गटांत नसलेला माणूस विसरला

पोडावरच्या बाई मला म्हणाल्या, "मत सगळ्यायले पाह्यजे होतं, पण बैठकीत मले कोणी बलावलंच नाही, भाऊ." त्यांचं हे बोलणं मला आजही टोचतं, कारण त्या बैठकीत त्यांचं नाव मीही काढलं नव्हतं.

बोस्नियात 1995 च्या डेटन करारानं युद्ध थांबवलं आणि राष्ट्राध्यक्षपद तिघांत वाटलं: एक बोस्नियाक (म्हणजे तिथला मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. मग रोमा किंवा ज्यू माणसानं काय करायचं? त्याला उभंच राहता येत नाही. सेजदिच (रोमा) आणि फिन्सी (ज्यू) हे दोघं युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 2009 मध्ये जिंकले. पण निकालानंतर दहा वर्षं उलटली तरी ती अट राज्यघटनेतून गेली नव्हती. वाटणी एकदा पक्की झाली की ती मोडणं इतकं जड जातं. म्हणून पोड, बेडा, टोली अशा बाजूच्या वस्त्यांवरचं माणूस पहिल्या बैठकीलाच बोलवा.

जुनं प्रमाण कायमचं धरून बसले

लेबनॉनमध्ये 1932 नंतर जनगणनाच झाली नाही. 1943 मध्ये ठरलेली धर्मपंथांमधली पदांची वाटणी त्याच आकड्यांवर उभी होती, आणि 1975 मध्ये तिथं यादवी पेटली. कारणं बरीच होती, पण ही ताठर वाटणी त्यांतलं एक. गावात दर निवडणुकीनंतर वाटणी नव्यानं बोला.

बाहेर पडणाऱ्याला गद्दार ठरवलं

दक्षिण आफ्रिकेत 1994 मध्ये मंडेलांच्या सरकारात आधीच्या गोऱ्या राजवटीचे अध्यक्ष डी क्लर्क उपाध्यक्ष होते. 1996 मध्ये त्यांचा पक्ष बाहेर पडून विरोधात बसला आणि सरकार चालू राहिलं. सगळेच सत्तेत बसले तर हिशेब मागायला कोणी उरत नाही, म्हणून हे दार उघडं हवंच.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात आधी अभ्यासगटात चर्चा होते आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते. आम्ही यंदा तेवढं उचललं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी तीन संध्याकाळी पारावर बसलो, त्यातली एक पोडावर. नव्या कागदावर आता दोन नाही, तीन बाजूंच्या सह्या आहेत, आणि पहिली ओळ मोटारीची आहे: जळाली तर आठ दिवसांत दुरुस्त, ठरावाला विरोध नाही.