काळ्या रानात मेटल डिटेक्टर: जोडायचा कसा, लावायचा कसा, फिरवायचा कसा

पहिलंच सांगतो, हे मशीन सोनं ओळखत नाही. कुणाकडं डिटेक्टर आला म्हणलं की गावात लगेच बातमी होती, अमक्याकडं गुप्तधनाची मशीन आली, मग कुणी पांढरीवर (जुन्या गावठाणावर) चला म्हणतंय, कुणी आज्ज्यानं पुरलेला हंडा सांगतंय. ते सगळं सोडा. आपल्याकडं याचा खरा उपयोग म्हणजे हरवलेल्या वस्तू. कापूस वेचताना पडलेलं जोडवं, खुरपताना तुटलेल्या मंगळसूत्राची वाटी, रोटाव्हेटरची पिन, धुऱ्यावर ठेवून विसरलेला विळा, नाहीतर कधीकाळी बुजवलेल्या पाईपलाईनचा लोखंडी व्हॉल्व्ह. एवढं नीट जमलं तरी लोक हाका मारून नेतात.

आता हे काम कसं करतं ते थोडक्यात, कारण हे कळलं की पुढच्या निम्म्या सेटिंगा आपोआप कळतात. खालच्या ताटलीला कॉइल म्हणतात, तिच्यात तांब्याच्या तारेचे दोन वेढे असतात, एक पाठवणारा आणि एक ऐकणारा. पाठवणाऱ्यात सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा करंट जातो, बरीचशी हॉबी मशीनं ५ ते २० किलोहर्ट्झच्या मधात चालतात. त्यानं जमिनीत चुंबकीय क्षेत्र उतरतं, वाटेत धातू आला की त्या धातूत बारके करंट फिरायला लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते ऐकणाऱ्या वेढ्याला कळतं. ते किती जोरात आलं आणि किती मागं-पुढं आलं यावरून मशीन आवाज आणि नंबर देतंय. बऱ्याच मशीनवर ० ते ९९ असा नंबर राहतो, लोखंड खाली, ॲल्युमिनियमची पन्नी आणि बारकं सोनं मधात, तांबं-चांदी वर. बघा, पन्नी आणि सोन्याची बारकी अंगठी एकाच जागी येतात, म्हणून सोनं शोधायचं तर कचरा उकरावाच लागतो, त्याला इलाज नाही.

जोडायला अवघड काही नाही पण तीन जागी लोक गडबड करतात. कॉइलची वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळायची, वेलक्रोनं बांधायची, लोंबकळती ठेवली की हलली की खोटा आवाज येतो, पण कॉइलजवळ मात्र वायर थोडी सैल सोडायची म्हणजे कॉइल वर-खाली वळवता येते. दुसरं, कॉइलचा बोल्ट प्लास्टिकचा असतो, हरवला तर आपल्या सवयीप्रमाणं लोखंडी नट-बोल्ट ठोकू नका, मशीन तोच बोल्ट दिवसभर दाखवत बसंल. तिसरं दांड्याची लांबी. सरळ उभं राहून हात सैल सोडल्यावर कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर आणि जमिनीला समांतर आली पाहिजे, वाकावं लागत असंल तर दांडा आखूड झाला. मग हातातलं कडं, अंगठी, खिशातला मोबाईल आणि लोखंडी टोपणाचे बूट हे सगळं बाजूला. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल असंच यंत्र घेऊन गेले होते, तिथंही पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला असं सांगतात. म्हणजे हा त्रास जुनाच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माती. परदेशातले व्हिडिओ बघून लोक मशीन घेतात आणि आपल्या रानात आल्यावर ते नुसतं किरकिरतंय, मग मशीन खराब म्हणून कपाटात. मशीन खराब नसतंय, आपलं रान वेगळं आहे. मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली, त्या दगडात लोहाची चुंबकीय खनिजं भरपूर. खात्री करायची असंल तर जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओढ्याच्या वाळूतून फिरवा, काळे कण चिकटून येतील. मशीनला हे सगळं दिसतं आणि त्या गोंधळात तुमची अंगठी दबून जाते.

त्यावर उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स. मशीनला सांगायचं की बाबा ही जमीन अशीच आहे, हिला सोडून बाकीचं सांग. आधी जिथं खाली काही नाही अशी जागा बघायची, मग बटण दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीजवळून साधारण वीतभर वर आणि परत खाली, अशी सावकाश वर-खाली करायची, आवाज एकसारखा झाला की सोडायचं. काही मशीन हे आपणहून करतात. स्वस्त मशीनला ही सोयच नसते, घेताना हे आधी विचारा, आपल्याकडं रंगीत स्क्रीनपेक्षा हे जास्त कामाचं. काळ्यातून मुरमाड माळावर गेलात की परत बॅलन्स करायचा. वीटभट्टीची जुनी जागा, गुऱ्हाळाचं चुलवण, तीन दगडाची चूल, इथं भाजलेली माती चुंबकीय झालेली असते, तिथं मशीन ओरडणारच.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक ऐकतं ते, फुल ठेवली की जास्त खोल दिसंल असं वाटतं, आणि नेमकं उलटं होतं. निम्म्यावर सुरू करा, मशीन शांत राहिलं तर एकेक पायरी वाढवा, किरकिर सुरू झाली की एक पायरी मागं. कॉइल डीडी टाईपची (आत D आकाराचे दोन वेढे) असंल तर आपल्या मातीत ती जास्त चांगली, कारण ती जमिनीची पातळ फाक बघत जाते, गोल कॉन्सेंट्रिक कॉइल जमिनीचा जास्त गोंधळ गोळा करते. खोलीबद्दल सांगायचं तर नाण्याएवढी वस्तू १५-२० सेंटीमीटरपर्यंत कळली तरी खूप झालं, बारकं जोडवं त्याच्याही वरच. दहा फूट खोलचं सोनं दाखवतो म्हणणारा माणूस मशीन विकतोय, शोधत नाहीये.

रानात जायच्या आधी घरामागं सराव करा. आधी मशीन लाकडी बाजेवर आडवं ठेवायचं आणि एकेक वस्तू कॉइलसमोरून न्यायची, नंबर वहीत लिहायचा. खिळा, शीतपेयाचं बूच, गोळ्यांचं रिकामं पाकीट, पितळी वाटी, चांदीचं पैंजण, सोन्याची अंगठी. नाण्यांची एक गंमत आहे, १ रुपयाचं नाणं १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचं आहे आणि चुंबकाला चिकटतं, त्यामुळं मशीनवर लोखंडाचा आवाज बंद केला की आपला रुपयाही गायब होऊ शकतो. जुने ५, १०, २० पैसे ॲल्युमिनियमचे, ते वेगळाच नंबर देतात. आजीच्या पेटीत निजामाचा चारमिनारवाला रुपया असंल तर तोही धरून बघा, चांदीचा नंबर कसा येतो ते कळतं, आणि लगेच पेटीत ठेवून द्या. मग याच वस्तू, सोनं सोडून, दोन बोटं, चार बोटं आणि वीतभर खोल पुरून वर काडी रोवा आणि रोज थोडा वेळ फिरवा. नंबरपेक्षा आवाजावर कान तयार होतो. हेडफोन लावा, बारका आवाज कळतो आणि आजूबाजूची पोरंही गोळा होत नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची युक्ती. जोडवं हरवलं तर जोडीतलं दुसरं मागून घ्या. पैंजण, कानातलं, सगळ्याला हेच. ते कॉइलसमोर धरा, नंबर बघा, आवाज ऐका, मग त्याच रानात मातीखाली दोऱ्याला बांधून ठेवून परत बघा, आणि तोच आवाज शोधत निघा. यात एक बारकावा आहे. अखंड गोल अंगठी मोठा सिग्नल देते कारण करंटला फिरायला पूर्ण कडं मिळतं, पण जोडवं मागं उघडं असतं, नथीचंही तसंच, त्यामुळं सिग्नल बारका. बारीक सोन्याची साखळी तर सगळ्यात अवघड, मशीन तिला साखळी म्हणून बघतच नाही, एकेक कडी सुटी बघतंय. मंगळसूत्र असंल तर वाट्यांचा सिग्नल शोधा, काळे मणी काचेचे, ते दिसणारच नाहीत. अशा वेळी लोखंड सोडून बाकी काहीही बंद करू नका, डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज बंद करायची सेटिंग) वाढवलं की पन्नीबरोबर सोनंही गेलं.

वेळ कोणती तर नांगरटीच्या आधी. ट्रॅक्टरचा नांगर माती फूटभर खाली घालतो आणि तुमची वस्तू मशीनच्या टप्प्याबाहेर जाते, म्हणून घरच्यांना सांगून ठेवा, वस्तू सापडेपर्यंत रानाला नांगर लावू नका, वखराची पाळी एकवेळ चालंल. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, वस्तू सरळ भेगेत जाते, तिथं आधी टॉर्च मारून बघा, हात घालू नका, विंचू-काटा असतो. आणि मे महिन्यात उकरायचं म्हणजे सब्बलच लागतंय. पाऊस पडून वापसा आला, म्हणजे चिखल सुकून नुसती ओल राहिली, की उत्तम, माती मऊ असते आणि कॉइलला चिकटतही नाही.

कापसाचं रान असंल तर आधी पऱ्हाटी काढून घ्या, उभ्या पऱ्हाटीत कॉइल फिरत नाही आणि धसकटाला धडकली की खोटा आवाज येतो. बाईला विचारा कोणत्या तासाला होती, दुपारची भाकर कुठं खाल्ली, हात कुठं धुतला, कापसाचं गाठोडं कुठं सोडलं. निम्मं शोधणं इथंच होतं. मग त्या भागाला सुतळी बांधून पट्टे पाडा. कॉइल डावीकडून उजवीकडं सावकाश, टोकाला वर उचलू न देता (सगळे उचलतात), आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवायचा. पट्टे संपले की त्याच जागेत आडवे पट्टे.

आवाज आला की लगेच खुरपं घालायचं नाही. दोन्हीकडून फिरवल्यावर तसाच आवाज येतो का बघा, मग काटकोनात वळून परत बघा. एका बाजूनं गोड आणि दुसऱ्या बाजूनं तुटक आला तर बहुतेक खिळा, नाहीतर बैलाच्या नालेचा तुकडा. नंतर पिनपॉइंटचं बटण दाबून जिथं आवाज सगळ्यात जोरात तिथं मनातल्या मनात फुली मारायची आणि फुलीच्या बाजूनं उकरायचं, वर नाही, नाहीतर वाटीवर खुरप्याचा वार बसतो. माती एका पोत्यावर काढा. खड्ड्यात आवाज आहे का ढिगात ते बघा, ढिगात असंल तर मूठ-मूठ माती कॉइलवरून न्या. हातातला बारका पिनपॉइंटर (जवळून धातू दाखवणारी छोटी दांडी) असंल तर हे काम लवकर होतं. खड्डा बुजवून पायानं दाबा, जनावराचा पाय मुरगळतो त्यात.

आवाज एका रेषेत लांबच लांब चालला असंल तर ती पाईपलाईन आहे नाहीतर मोटारीची पुरलेली केबल, तिथं सब्बल अजिबात मारायची नाही. आणि मशीन अचानक सगळीकडं किरकिरायला लागलं तर वर तारा बघा, नाहीतर लाईट आलेली असंल आणि शेजारची मोटार सुरू झाली असंल. तारेपासून लांब व्हा, सेन्सिटिव्हिटी कमी करा, मशीनला फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची सोय असंल तर ती वापरा. नाहीच जमलं तर लाईट गेल्यावर या, आपल्याकडं त्यासाठी लई थांबावं लागत नाही.

कुठं फिरवायचं नाही हेही कळलं पाहिजे. स्वतःचं रान, किंवा मालकाला विचारून त्याचं रान, एवढंच. गावची पांढरी, गढी, बारव, किल्ला, लेणी, जुनं देऊळ इथं मशीन न्यायचंच नाही. पैठण, तेर, भोकरदन ही सातवाहन काळातली गावं, तिथल्या मातीत कोणती वस्तू कोणत्या थरात होती यावरून इतिहास लागतो, तुम्ही नाणं उपसलं की तो थर गेला. संरक्षित स्मारकात तर परवानगीशिवाय खोदणं गुन्हाच आहे. १९९३ च्या भूकंपात गेलेल्या किल्लारीकडच्या जुन्या गावठाणांत तर मशीन न्यायचा विचारसुद्धा करू नका, त्या ढिगाऱ्याखाली लोकांची माणसं गेलीत.

स्वतःच्या रानात जुनं काही निघालंच, हंडी, नाण्यांचा ढीग, तर उकरणं तिथंच थांबवा. भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठं आणि कोणत्या तारखेला. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तलाठ्याला किंवा तहसीलला आधी सांगा, पण लेखी अर्ज कलेक्टरच्या नावानं द्या आणि पोच घ्या.

आणि दोन काड्यांची, अँटेनावाली "लांबून सोनं पकडणारी" मशीनं येतात ती घेऊ नका. इराकला असाच एडीई ६५१ नावाचा बॉम्ब डिटेक्टर विकला होता, आत काम करणारं काहीच नव्हतं, विकणाऱ्या इंग्रजाला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. पायाळू माणूस, लिंबू, पूजा असलं कुणी सोबत आणलं तर सरळ घरी या, अघोरी प्रकार करून गुप्तधन शोधणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

घरी आल्यावर कॉइलचं प्लास्टिकचं कव्हर काढून आतली माती धुवा, तिथं साचलेली काळी माती पुढच्या वेळी खोटा आवाज देते. कॉइल बहुतेक मशीनची पाण्यात चालते, पण वरचा डबा बऱ्याच मशीनचा चालत नाही, पुस्तिकेत बघून घ्या. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, पावसाळ्यात सेल फुटून पट्ट्या खराब होतात.