झेब्रा डॅनिओचा थवा घरच्या टाकीत कसा सांभाळावा

डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे असलेला, जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटर लांबीचा झेब्रा डॅनिओ हा भारतीय उपखंडातलाच मासा असून, संथ ओढ्यांत आणि भातखाचरांलगतच्या पाण्यात तो थव्याने राहतो. पाणी १८ ते २८ अंश सेल्सिअसपर्यंत असले तरी तो तग धरतो, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक घरांत हीटर लागत नाही. दुकानातून हौसेने दोनच मासे आणण्याची पद्धत मात्र सोडावी. संख्या कमी असली की एखादा दांडगा मासा दुसऱ्याचा सतत पाठलाग करतो आणि दुबळा मासा कोपऱ्यात दबून राहतो. म्हणून किमान ८ ते १० मासे एकत्र ठेवावेत.

हा मासा आडवा, वेगाने पोहत असल्याने टाकीची उंची नव्हे, लांबी पाहावी. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते, आणि काच व वाळू धरून तिचे वजन ६० किलोंच्या वर जाते, तेव्हा ती भक्कम टेबलावर आणि थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवावी. डॅनिओ उडी मारतो, म्हणून झाकण हवेच.

वाळू धुऊन पसरावी, कडेने व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावावी, मधली जागा पोहण्यासाठी मोकळी सोडावी आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर बसवावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी अँटिक्लोरचे थेंब बाटलीवरील प्रमाणात घालावेत.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच घाईत गाळला जातो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात, म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही मासे पहिल्या काही दिवसांतच दगावतात. यासाठी मासे न सोडता, रोज चिमूटभर खाद्य टाकून फिल्टर चालू ठेवावा आणि चाचणी संचाने तपासत राहावे. अमोनिया आधी वाढून उतरतो, मग नायट्राइट वाढून उतरतो. दोन्ही शून्यावर येण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाकडे निरोगी माशांची जुनी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणल्यास हा काळ पुष्कळ कमी होतो.

मासे आणल्यावर बंद पिशवी २० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, नंतर ती उघडून थोडे थोडे टाकीतले पाणी तिच्यात मिसळावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. सगळे मासे एकदम न आणता आठवड्याच्या अंतराने दोन खेपांत आणलेले बरे.

खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा, कारण नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतल्यास कष्टाने वाढवलेले जिवाणू मरतात. एप्रिल-मे महिन्यांत गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यामुळे वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच आणून ठेवावा.