शूटिंगच्या गर्दीत काम करायचं असेल तर

व्हॉट्सॲपवर निरोप येतो: 'उद्या 40 माणसं पाहिजेत, बाजाराचा सीन, सकाळी 6 ला रिपोर्टिंग.' अशा निरोपाला लगेच 'हो' म्हणू नका. आधी कोऑर्डिनेटरला, म्हणजे शूटिंगला गर्दीची माणसं पुरवणाऱ्याला, फोन करा. 'किती मिळतील' असं न विचारता 'हातात किती पडतील' असं विचारा, म्हणजे त्याचं कमिशन वजा जाऊन उरणारा आकडा कळतो. शिफ्ट साधारण 12 तासांची धरतात. पण तास रिपोर्टिंगपासून मोजणार की पहिल्या शॉटपासून, जास्त वेळ झाला तर वरचे पैसे किती, गाडी कोणाची, परत कुठे सोडणार आणि पैसे त्याच दिवशी रोख, यूपीआयने की नंतर, हे सगळं चॅटवर लिहून घ्या. तोंडी बोलणं पॅकअपच्या, म्हणजे शूटिंग आटोपण्याच्या, घाईत कोणालाच आठवत नाही. रजिस्ट्रेशन, कार्ड किंवा 'फोटो काढण्याचे' म्हणून कोणी आधी पैसे मागत असेल तर तिथे जाऊच नका. गर्दीतल्या माणसाला काम करण्याचे पैसे मिळतात, तो भरत नसतो. आधारची झेरॉक्स द्यावी लागलीच तर तिच्यावर 'फक्त या शूटिंगसाठी' असं आणि तारीख लिहून आडवी सही करा.

खान्देशात हे काम दोन तऱ्हेचं असतं. पहिलं म्हणजे अहिराणी गाणी आणि यूट्यूबचे विनोदी व्हिडिओ. त्यात युनिट लहान असतं आणि गर्दी गावातल्याच लोकांची. दुसरं म्हणजे मुंबईहून आलेलं मोठं युनिट, जे किल्ला, जुना वाडा, केळीची बाग किंवा आठवडी बाजार शोधत इकडे येतं. मुंबईला जाऊन हेच काम नियमित करायचं ठरवलं तर तिथल्या ज्युनियर आर्टिस्टच्या, म्हणजे गर्दीत काम करणाऱ्यांच्या, संघटनांचे नियम आधी समजून घ्या. पुरुषांची आणि महिलांची संघटना वेगळी आहे आणि संघटनेच्या कार्डाशिवाय मोठ्या सेटवर अडचण येते.

कपडे बहुतेक वेळा आपलेच न्यावे लागतात. तीन जोड घ्या, सगळे वापरलेले आणि इस्त्री मोडलेले. पांढराशुभ्र, भडक लाल आणि चकचकीत सॅटिन टाळा. पांढरा रंग उन्हात 'फाटतो', म्हणजे कॅमेऱ्यात नुसता पांढरा डाग दिसतो, आणि लाल रंगाकडे नजर आधी जाते. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरताना दिसतात. छातीवर कंपनीचं नाव असलेला टी-शर्ट ड्रेसमन दादा पहिल्या पाच मिनिटांत बदलायला लावतो. जुन्या काळाचा सीन असेल तर घड्याळ, स्मार्ट बँड, स्पोर्ट शूज आणि मोबाइल घरी किंवा बॅगेत ठेवा. मनगटाला लाल दोरा असेल तर तो ठेवायचा की काढायचा, हे पहिल्याच शॉटआधी विचारा. मधे काढला तर घोटाळा होतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 च्या पुढे जातो आणि शूटिंग मात्र भर उन्हात चालतं. दोन लिटरची पाण्याची बाटली, मीठ-साखर आणि उपरणं सोबत हवंच. पण पहिल्या टेकमध्ये (शॉट एकदा टिपला की एक टेक) उपरणं डोक्यावर असलं तर त्या सीनभर ते डोक्यावरच राहतं. चक्कर येईल असं वाटलं तर टेक संपेपर्यंत सहन करत बसू नका. लगेच खाली बसा आणि शेजारच्याला हाक मारा. बिघडलेला टेक पुन्हा घेता येतो.

आता मुख्य काम. त्याला सेटवर 'पासिंग' म्हणतात, म्हणजे फ्रेममधून जाणं-येणं. सोपं दिसतं, पण सगळ्यात जास्त टेक इथेच वाया जातात. समजा भाजीबाजाराचा सीन आहे आणि तुम्हाला भरताच्या वांग्यांच्या टोपलीपाशी उभं केलंय. एडी, म्हणजे असिस्टंट डायरेक्टर, सांगतो, हिरो 'चल' म्हणाला की तू निघायचं. मग तुमचं सगळं ठरवून घ्या. पिशवी डाव्या हातात. उजव्या हाताने कडेचं वांगं उचललं, देठाकडून एकदा फिरवून पाहिलं, परत टोपलीत ठेवलं, 'चल' ऐकलं, मग डावीकडे सात पावलं आणि खांबाच्या मागे. पुढच्या टेकला वांगं तेच, हात तोच आणि पावलंही सातच. आधी लांबून सगळा बाजार टिपतात, मग हिरोच्या तोंडावर कॅमेरा येतो, मग दुसऱ्या बाजूने. एडिटिंगमध्ये हे तुकडे एकमेकांना जोडायचे असतात. लांबच्या शॉटमध्ये पिशवी डावीकडे आणि जवळच्यात उजवीकडे असली तर हिरोचा चांगला टेकसुद्धा टाकून द्यावा लागतो. म्हणून पहिला टेक झाला की लगेच मनात उजळणी करा: कुठला हात, कुठला शब्द, किती पावलं. 'फर्स्ट पोझिशन' अशी आरोळी आली की तिथेच परत उभं राहायचं, जमिनीवर खडूने केलेल्या खुणेवर.

कॅमेऱ्यात बघायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हिरोकडे टक लावून बघणं तितकंच वाईट. बाजारातला माणूस भाजी बघतो, भाव करतो, वाटेतली सायकल चुकवतो. पुढे पुढे सरकून कॅमेऱ्याजवळ जाण्याचा मोह आवरा. चेहरा एकदा ठळक दिसला की पुढच्या सीनमध्ये तुम्हाला दुसरा माणूस म्हणून उभं करता येत नाही आणि त्या दिवशीचं तुमचं काम तिथेच संपू शकतं. पाठ किंवा कड दिसणारा माणूस दिवसभर वापरता येतो.

आवाज जागेवरच रेकॉर्ड होत असेल तर गर्दीने फक्त ओठ हलवायचे, घशातून आवाज काढायचा नाही. टाळ्या वाजवायच्या असल्या तर तळवे एकमेकांना टेकण्याआधीच थांबवायचे. बायकांच्या बांगड्यांनी सगळ्यात जास्त त्रास होतो. बांगड्यांमधून जाड दोरा ओवून त्या एकत्र घट्ट बांधा, म्हणजे दिसतात पण किणकिणत नाहीत. पैंजण आणि जोडवी साउंडवाल्यांना विचारूनच घाला. खिशातली चिल्लर आणि किल्ल्या काढून ठेवा. मोबाइल सायलेंट पुरत नाही, फ्लाइट मोडवर टाका. गर्दीचा खरा गलका नंतर वेगळा रेकॉर्ड करतात, तेव्हा मोकळ्या गळ्याने ओरडा. तिथे अहिराणी बोलायला सांगितली आणि लिहून आणलेलं वाक्य चुकीचं वाटलं, 'आठे' (इथे) च्या जागी 'तठे' (तिथे) पडलं, तर ते तालमीतच एडीच्या कानावर घाला. टेक झाल्यावर सांगितलं तर सगळ्यांचा वेळ जातो.

गाण्याच्या शूटिंगमध्ये हे आवाजाचे नियम लागू नाहीत, कारण गाणं स्पीकरवर वाजत असतं. तिथे अडतं ते वेगळ्याच कारणाने. स्लो मोशनचा शॉट असेल तर कॅमेरा दुप्पट वेगाने चालतो, म्हणून गाणंही दुप्पट वेगाने वाजवतात आणि त्याच वेगात नाचावं लागतं. पहिल्या दोन टेकला सगळी गर्दी गोंधळते, त्यामुळे तालमीलाच तो वेग मागून घ्या.

जेवणाच्या पंगतीचा सीन असेल तर पोट भरायला बसू नका. दहा टेक झाले तर दहा वेळा तोच घास घ्यावा लागतो. ताटातलं अन्न सकाळपासून लाइटखाली असू शकतं, त्यामुळे खाण्याजोगं आहे का हे आर्टवाल्यांना, म्हणजे सेट मांडणाऱ्यांना, विचारूनच तोंडात घाला. नाहीतर घास बोटांत फिरवत ठेवा आणि तोंडाशी नेऊन चावल्याचा अभिनय करा.

बायकांनी गाडीत बसण्याआधीच कपडे बदलायची आडोशाची जागा आणि संडासाची सोय विचारावी. शेतातल्या लोकेशनवर नेमकं हेच विसरलं जातं. एकटीने न जाता ओळखीच्या दोघी-तिघी मिळून जा. लहान मुलं असतील तर त्यासाठी कायदा आहे: 2017 च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. रात्रभर मुलाला बसवून ठेवत असतील तर आई-बापांनी उठून घेऊन जावं, यात लाजण्यासारखं काही नाही.

पॅकअपला व्हाउचरवर सही करण्याआधी अंकातली आणि अक्षरातली रक्कम दोन्ही वाचा. कोऱ्या व्हाउचरवर सही देऊ नका. आणि त्याच सीनसाठी उद्या परत बोलावलं असेल तर आजची साडी किंवा सदरा धुवू नका, घामाच्या आणि धुळीच्या डागांसकट घडी घालून ठेवा. दाढी आणि केसांनाही, कोऑर्डिनेटर 'तुमचं काम संपलं' म्हणेपर्यंत, हात लावू नका.