सागवाल्या शेतकऱ्याला सर्टिफिकेशन कसं समजवायचं?

नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे ज्यांच्या मालकीच्या रानात साग किंवा बांबू आहे त्यांच्याशी फॉरेस्ट सर्टिफिकेशनवर, म्हणजे लाकूड नीट राखलेल्या झाडांचं आहे या बाहेरच्या संस्थेच्या दाखल्यावर बोलायचं असेल तर पर्यावरणापासून सुरुवात करू नका. मी केली होती. पहिल्याच बैठकीत एक आजोबा उठून म्हणाले, "मंग जमीन फॉरेस्टात जानार का?" आणि पुढचं कुणी ऐकलंच नाही. ही भीती खोटी नाही, जमिनीच्या दाव्यांसाठी या लोकांनी वर्षानुवर्षं चकरा मारल्यात.

त्यामुळे आधी हेच सांगा की हे ऐच्छिक आहे, सातबाऱ्यात काही बदलत नाही. आणि लगेच हेपण सांगा की यामुळे तोडीची परवानगी सुटत नाही, झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे तसाच लागू राहतो.

मग द्राक्षाचं उदाहरण द्या. इथली कितीतरी माणसं दिंडोरी-निफाडला बागेत कामाला जातात, फवारणीची नोंद, ग्लोबलगॅपचं (एक्स्पोर्टच्या शेतमालाला लागणारं सर्टिफिकेट) ऑडिट त्यांनी डोळ्याने बघितलंय. लाकडाचंही तसंच, झाड कुठलं, कसं तोडलं, पुन्हा लावलं का, याची बाहेरच्या माणसाने केलेली तपासणी.

खरा प्रश्न पैशाचा. एफएससी या जंगल-लाकडाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं सर्टिफिकेट ५ वर्षांचं असतं आणि दरवर्षी तपासणी होते, दोन एकरवाल्याला एकट्याला हे परवडतच नाही, म्हणून गटानेच करायचं. युरोपातल्या छोट्या जंगलमालकांनाही हीच अडचण होती, पीईएफसी हे तसंच दुसरं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट १९९९ मध्ये उभं राहिलं त्यामागे ते एक मोठं कारण. आपल्याकडे केंद्राने २०२३ च्या डिसेंबरमध्ये सर्टिफिकेशनची स्वतःची योजना आणलीय आणि त्यात शेतातल्या, बांधावरच्या झाडांचाही विचार आहे, हे आवर्जून सांगा.

जास्त भाव मिळेल असं मात्र चुकूनही बोलू नका! माल जवळच्या वखारीत उभ्यावरच विकायचा असेल तर तिथे हा कागद कुणी विचारत नाही. एक्स्पोर्टचं फर्निचर बनवणारा विचारतो. म्हणून आधी गिऱ्हाईक शोधा, त्याला कुठलं सर्टिफिकेट चालतं ते लेखी घ्या, नंतरच गटाकडून पैसे गोळा करा.

दुसऱ्या बैठकीला बायकांना नक्की बोलवा, सरपण आणि मोहाचं काय होणार हे त्याच विचारतात. आणि एक वही न्या, प्रत्येकाची झाडं किती, घेर किती, कधी लावली एवढं तिथेच लिहून घ्या.