वाळवणाच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी फोनची तयारी

होळी झाली की नागपुरात कुरड्या, मूगवड्या, पापडाच्या ऑर्डरी सुरू होतात, मग हात चिकात असतात अन् फोनकडे पाहायला फुरसत नसते, म्हणून हे सगळं फेब्रुवारीतच उरकून टाका.

सगळ्यात पहिले सिम कोणाच्या नावावर आहे ते पाहा. कित्येक घरी सिम मिस्टरांच्या नावावर, बँकेत नंबरही त्यांचाच, म्हणजे ओटीपी जाते बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्टवर आणि तुम्ही इकडे वाट पाहत बसल्या. धंद्यासाठी स्वतःच्या नावाचं सिम घ्या, स्वतःच्या नावाचं खातं उघडा, बँकेत जाऊन तोच नंबर खात्याला जोडून घ्या, कारण यूपीआय चालू होते ते बँकेत नोंदवलेल्या नंबरवरूनच. आणि क्यूआर स्कॅन केला की गिऱ्हाइकाला खातेदाराचं नाव दिसते, मेहनत तुमची तर नावही तुमचंच दिसू द्या ना. घरात थोडी कुरबुर होईल, होऊ द्या. बाकी काही नाही जमलं तरी चालेल, हे सोडू नका.

मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. फुकट आहे, साध्या व्हॉट्सअ‍ॅपसोबत एकाच फोनमध्ये चालते, फक्त नंबर वेगळा लागते. कॅटलॉगमध्ये फोटो टाका, पण स्टीलच्या ताटात काढू नका, ताट चमकते अन् कुरडई दिसतच नाही, सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर सुती कपड्यावर ठेवून काढा. पाव, अर्धा, किलो असे भाव स्पष्ट लिहा, 'भावासाठी मेसेज करा' वाचून लोक पुढे निघून जातात. तिखट भिवापुरी मिरचीचं असेल तर तसं लिहा, जीआय टॅग, म्हणजे त्या भागातल्या मालाची सरकारी ओळख, आहे तिला, पण नसेल तर लिहू नका बाप्पा, नागपूरकर जिभेवर ओळखतात. अ‍ॅपमध्ये ऑर्डरींना लेबल लावता येते, त्यातलं 'पैसे बाकी' तर नात्यातल्या ऑर्डरींना आधी लावा.

पैसे आले हे स्क्रीनशॉटवरून मानायचं नाही, बँकेचा मेसेज किंवा खातं पाहूनच डबा द्यायचा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कोणी टाकायला सांगितला तर फोन ठेवा. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा, हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधारवरून फुकट होते, एजंटला पैसे कशाला. खायचं विकता म्हणजे एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन पण पाहिजे, त्याचा 14 आकडी नंबर, बनवल्याची तारीख अन् शाकाहारीचा हिरवा ठिपका पाकिटाच्या लेबलवर आला पाहिजे.

हिशोबाला गुगल शीट पुरते, टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, बरंच बरोबर लिहिते. फॅमिली ग्रुपचं ऑटो डाउनलोड बंद करा, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांनीच स्टोरेज भरते. आणि वाळवण उलटवताना फोन गच्चीवर उन्हात ठेवू नका, मे महिन्यात इथं तो तापून बंदच पडते.