कच्च्या लिंबूवर राज्य कधी येणार?

बीएएसएलपीची, म्हणजे वाचा-श्रवण उपचारांच्या पदवीची, चार वर्षं संपून आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी हातात आली, तेव्हा माझ्या प्रत्येक फाइलीत पहिलं उद्दिष्ट असायचं, 'नजरेला नजर देणे'. आता ते वाचताना ओशाळायला होतं.

तेव्हा परळच्या एका बिल्डिंगमध्ये सात वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाकडे जायचे. आई म्हणाली, "पोरं खेळायला घेतात हो त्याला, मॅडम." घ्यायची खरी, पण कच्चा लिंबू म्हणून. तो आउट व्हायचा नाही, त्याच्यावर राज्य यायचं नाही. सगळे मायेनं वागायचे आणि तो खेळाबाहेरच राहायचा.

मी त्याला लगोरी शिकवायला गेले. ते चुकलंच. त्याचा खेळ आधीच चालू होता: काड्यापेट्यांची रांग आणि "पुढील स्टेशन, दादर". मी ते नुसतं घोकणं समजून थांबवत होते. एकदा गप्प शेजारी बसले. शेजारचा पोरगाही आला आणि परळनंतर थेट चिंचपोकळी पुकारून मोकळा झाला. हा ओरडला, "करी रोड!" दुसऱ्या मुलाला तो स्वतःहून काही बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

ऑटिझमच्या अभ्यासक पामेला वुल्फबर्ग यांच्या एकत्रित खेळगटांच्या पद्धतीत ऑटिस्टिक आणि इतर मुलं मिळून गट तीन ते पाच मुलांचा असतो, सराईत खेळणारी मुलं जास्त, आणि मोठ्या माणसानं हळूहळू मागे सरायचं असतं. मागे सरणंच सगळ्यात अवघड, कारण पालक फी देऊन आपल्याकडे बघत असतात!

सोबती निवडताना वर्गातलं आदर्श मूल टाळा, ते लगेच ताई होतं. लोकलचं वेड असलेला पोरगा बरा. दर वेळी तेच दोन-तीन चेहरे, तीच वेळ. त्यांना एवढंच सांगा: एकदा विचार, वस्तू दाखव, मग थांब. त्यानं कान झाकले तर तो रागावलेला नाही, आवाज फार झालाय. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकानं 2012 मध्ये मांडलं की, न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंना असते. मग शिकवणी एकट्यालाच का?

आणि नोंदवहीत "नको" हेही लिहा. नकार हाही संवादच आहे.

पावसाळ्यानंतर पार्किंगमध्ये लपाछपी चालली होती आणि राज्य त्याच्यावर आलं. त्यानं भिंतीकडे तोंड करून मोजायला सुरुवात केली. दहा झाले, वीस झाले, साठ झाले. स्कूटरमागून कोणीतरी वैतागून ओरडलं, "अरे, दहापर्यंतच असतं!" तो शंभरावर थांबला.